सुंता, पंगत आणि परराष्ट्रीय: आद्य ख्रिस्ती मंडळीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येशूच्या वधस्तंभानंतर वीसेक वर्षांतच त्याच्या यहूदी शिष्यांनी ठरवले की परराष्ट्रीयांनी यहूदी न होताही आपल्यात यावे. रविवारच्या शिकवणीत हा विषय बहुधा ‘पेत्राला दृष्टान्त झाला आणि दार उघडले’ एवढ्यात आटोपतो. पण मूळ ग्रंथ शांतपणे वाचले तर दिसते की दार उघडणे त्या मानाने लवकर झाले. आत आलेल्यांबरोबर एका ताटावर बसणे फार कठीण गेले, आणि खरा वाद तिथेच पेटला. उत्तरांत अध्याय-ओव्या दिल्या आहेत. पवित्र शास्त्र उघडून ताडून पाहावे.

परराष्ट्रीय म्हणजे नेमके कोण?

जो यहूदी नाही तो. देशाचा प्रश्न नाही. यरुशलेमात जन्मलेला ग्रीक व्यापारी परराष्ट्रीय ठरे आणि रोममध्ये जन्मलेला यहूदी ठरत नसे.

आधी यहूदी धर्मात बाहेरच्यांना प्रवेशच नव्हता का?

होता. ‘यहूदी धर्म बंदिस्त होता, ख्रिस्ती मंडळीने तो खुला केला’ हे सोपे वाक्य चुकीचे आहे. पहिल्या शतकात बाहेरच्या माणसाला दोन वाटा होत्या.

एक वाट पूर्ण प्रवेशाची. पुरुषाने सुंता करून घ्यायची, शुद्धीचे स्नान करायचे, मंदिर उभे होते तोवर अर्पण द्यायचे आणि मोशेचे संपूर्ण नियमशास्त्र अंगावर घ्यायचे. स्त्रियांना सुंतेची अट अर्थातच नव्हती. अशा माणसाला मराठी पवित्र शास्त्र ‘यहूदी मतानुसारी’ म्हणते.

दुसरी वाट अर्धी. सभास्थानात येऊन मागे बसायचे, शास्त्र ऐकायचे, दानधर्म करायचा, एकाच देवाला मानायचे. सुंता मात्र नाही. हे ‘देवाचे भय बाळगणारे’ लोक. आजच्या तुर्कस्तानातल्या अफ्रोदिसियस या गावी सापडलेल्या एका शिलालेखात यहूद्यांच्या नावांनंतर अशा पन्नासहून अधिक लोकांची वेगळी यादी आहे आणि त्यांत नगरसभेचे सभासदही आहेत. लेख उत्तरकालीन असला तरी हा वर्ग किती मोठा व प्रतिष्ठित असू शकत होता ते त्यातून कळते. पेत्राने बाप्तिस्मा दिलेला रोमन शताधिपती कर्नेल्य याच वर्गातला, फिलिप्पैची जांभळी वस्त्रे विकणारी लुदिया याच वर्गातली. परराष्ट्रीयांत फिरून मंडळ्या उभारणाऱ्या पौलाला सुरुवातीची माणसे बरीचशी इथूनच मिळाली.

ही अर्धी वाट पुरेशी आहे का, यावर यहूदी शिक्षकांतही एकमत नव्हते. इतिहासकार जोसेफस याने अदियाबेनचा राजा इजातेस याची हकीकत दिली आहे. त्याला यहूदी व्हायचे होते. हनन्या नावाच्या यहूदी व्यापाऱ्याने सांगितले की सुंतेशिवायही देवाची भक्ती करता येईल. पुढे गालीलाहून आलेल्या एलाजार नावाच्या कडक शिक्षकाने त्याला नियमशास्त्र वाचताना पाहिले आणि म्हटले, नुसते वाचतोस काय, त्यात सांगितलेले कर. राजाने सुंता करून घेतली. हे घडले ते मंडळीत हाच वाद चालू होता त्याच दशकांत. म्हणजे प्रश्न पौलाने निर्माण केलेला नव्हता. तो हवेतच होता.

यरुशलेमच्या मंदिरात परराष्ट्रीय कुठवर जाऊ शकत?

बाहेरच्या प्रशस्त अंगणापर्यंत. आत एक दगडी कठडा होता आणि त्यावर ग्रीक व लॅटिन भाषांत ताकीद कोरलेली होती: परक्याने या कठड्याच्या आत येऊ नये, सापडला तर येणाऱ्या मरणाला तो स्वतः जबाबदार. यातला एक अखंड ग्रीक शिलालेख १८७१ मध्ये शार्ल क्लेर्मों-गानो यांना सापडला आणि तो आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. दुसऱ्या एका शिलालेखाचा तुकडा १९३५ मध्ये मिळाला. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ‘मधली आडभिंत’ पाडल्याचा उल्लेख येतो. तिथे बऱ्याच वाचकांना हाच कठडा आठवतो, आणि ते योग्यच वाटते.

येशूने स्वतः याबाबत काय सांगितले?

इथे लोक घाई करतात आणि थेट मत्तय २८:१९ वर उडी मारतात. आधी मत्तय १०:५-६ आणि १५:२४ वाचा: बारा शिष्यांना परराष्ट्रीयांकडे जाऊ नका असे सांगितले आहे, आणि आपण इस्राएलाच्या हरवलेल्या मेंढरांकडेच पाठवलेले आहोत असे येशू म्हणतो. त्याच वेळी तो सुरफुनीकी स्त्रीच्या मुलीला बरे करतो आणि कफर्णहूमच्या शताधिपतीच्या विश्वासाची इस्राएलापेक्षा जास्त वाखाणणी करतो. सर्व राष्ट्रांकडे जाण्याची आज्ञा (२८:१९) पुनरुत्थानानंतरची आहे. पण राष्ट्रांतल्या लोकांनी सुंता करून यावे की न करता, हे तिथेही सांगितलेले नाही. म्हणून तर शिष्यांना पुढे एवढा खल करावा लागला. सुंतेविषयी प्रभूचे स्पष्ट वचन हाताशी असते तर यरुशलेमच्या सभेत कोणीतरी ते उच्चारलेच असते. कोणी उच्चारल्याची नोंद नाही.

पहिला परराष्ट्रीय ख्रिस्ती कर्नेल्यच ना?

प्रेषितांची कृत्ये (पुढे प्रे. कृ.) हे पुस्तक ज्या रीतीने मांडले आहे त्यावरून तसे वाटते, पण त्याआधीची दोन माणसे विसरू नयेत. यरुशलेमात निवडलेल्या सात सेवकांपैकी निकलाव हा अंत्युखियाचा यहूदी मतानुसारी होता (६:५). म्हणजे जन्माने परराष्ट्रीय, पण आधी यहूदी होऊन आलेला. त्याच्याविषयी कोणी तक्रार केली नाही. मग गाझाच्या वाटेवर फिलिप्पाने बाप्तिस्मा दिलेला हबशी षंढ (८:२६-३९). तो यरुशलेमात उपासनेला आला होता आणि यशयाचे पुस्तक वाचत होता. पण तो लगेच आपल्या वाटेने निघून गेला. त्याच्यासोबत रोज जेवायला बसण्याची वेळ कोणावर आली नाही, म्हणून वादही झाला नाही.

कर्नेल्याचे तसे नव्हते. तो कैसरियात पलटणीवर होता, घरदार आणि गोतावळा घेऊन राहत होता, आणि पेत्र त्याच्याकडे मुक्कामाला राहिला.

कर्नेल्याच्या घरी घडले ते कोणत्या क्रमाने?

क्रम महत्त्वाचा आहे, कारण सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. कर्नेल्य हा ‘इटलिक’ म्हटलेल्या पलटणीचा शताधिपती. दुपारी तीनच्या सुमारास, यहूद्यांच्या प्रार्थनेच्या वेळी, त्याला दर्शन होते. तो दोन चाकर आणि एक भाविक शिपाई यापोला पाठवतो. यापो ते कैसरिया हे किनाऱ्याने साधारण ५० किलोमीटर. पेत्र तिथे शिमोन चांभाराच्या घरी उतरलेला असतो. मेलेल्या जनावरांशी रोजचा संबंध असलेल्या माणसाचे ते घर, आणि सोवळे कडक पाळणारा यहूदी अशा घरी सहसा उतरला नसता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता पेत्र धाब्यावर प्रार्थनेला जातो. तिथे त्याला दृष्टान्त होतो: चार कोपऱ्यांनी सोडलेली मोठी चादर, तीत खाण्यास निषिद्ध असलेल्यांसह सगळ्या जातींचे प्राणी, ‘मारून खा’ ही आज्ञा, पेत्राचा नकार. हे तीन वेळा होते. तेवढ्यात खाली कर्नेल्याची माणसे हाका मारतात. पेत्र त्यांना आत घेऊन पाहुणचार करतो. पहिली सवलत ही, आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. पुढच्या दिवशी तो यापोतल्या सहा भावांना बरोबर घेऊन निघतो. हे सहा जण पुढे साक्षीदार म्हणून कामी येतात (११:१२).

कैसरियात पेत्र बोलत असतानाच पवित्र आत्मा ऐकणाऱ्यांवर उतरतो. बाप्तिस्मा नंतर होतो. सुंता होतच नाही. पेत्राच्या तर्काची दिशा अशी: देवाने आधीच दान दिले आहे, तर पाणी अडवणारा मी कोण? त्याने धोरण ठरवून हे केलेले नाही. जे घडले त्याच्यामागून तो चालला आहे.

आता ११:३ वाचा. यरुशलेमला परतल्यावर त्याच्यावर आरोप काय येतो? ‘बाप्तिस्मा का दिलास’ असा नाही. सुंता न झालेल्या लोकांकडे गेलास आणि त्यांच्याबरोबर जेवलास, असा. या सगळ्या विषयाची किल्ली या एका ओवीत आहे.

मग मोठ्या प्रमाणावर सुरुवात कुठे झाली?

अंत्युखियात, ओरोंतेस नदीवरच्या. आजचे तुर्कस्तानातले अंताक्या. २०२३ च्या फेब्रुवारीतल्या भूकंपाने उद्ध्वस्त झालेले तेच शहर. रोमन साम्राज्यातले हे तिसऱ्या क्रमांकाचे नगर, आणि जोसेफसच्या सांगण्याप्रमाणे तिथल्या यहूद्यांकडे ग्रीक लोक मोठ्या संख्येने ओढले जात असत. म्हणजे जमीन तयार होती. सात सेवकांपैकी एक असलेल्या स्तेफनाच्या वधानंतर पांगलेल्यांपैकी कुप्र आणि कुरेने इथल्या काही जणांनी इथे ग्रीक लोकांशी थेट बोलायला सुरुवात केली (११:२०). त्यांची नावेही कोणी लिहून ठेवलेली नाहीत. जगाच्या इतिहासाला वळण देणारे हे काम निनावी माणसांचे आहे, आणि मंडळीने त्यांची आठवण जास्त ठेवायला हवी होती असे आम्हाला मनापासून वाटते.

यरुशलेमने चौकशीसाठी बर्णबाला पाठवले. त्याने पाहिले, त्याला आनंद झाला, आणि तो तार्सला जाऊन पौलाला, म्हणजे तेव्हाच्या शौलाला, घेऊन आला. दोघांनी तिथे पूर्ण वर्षभर शिकवले. ‘ख्रिस्ती’ हे नाव शिष्यांना पहिल्यांदा इथेच मिळाले (११:२६). ते साहजिकच होते. यहूदी आणि ग्रीक एकत्र बसणाऱ्या गटाला जुन्या दोन्ही नावांपैकी एकही चालेना.

सुंतेचा आग्रह धरणारे लोक कोत्या मनाचे होते का?

नाही, आणि त्यांना तसे रंगवणाऱ्या प्रवचनांनी मोठे नुकसान केले आहे. त्यांची बाजू भक्कम होती. उत्पत्ती १७ मध्ये सुंता हा ‘सर्वकाळचा करार’ म्हटला आहे, आणि परक्या वंशाच्या, विकत घेतलेल्या दासाचीही सुंता करावी असे तिथेच लिहिले आहे. शिवाय रक्ताची आठवण ताजी होती. ख्रिस्तपूर्व १६७ च्या सुमारास अंत्युख एपिफानेस या राजाने सुंतेवर बंदी घातली आणि मुलांची सुंता करणाऱ्या आयांना ठार केले. ज्या खुणेसाठी आजी-पणजीने जीव दिला ती खूण ‘आता नको’ असे कोणी म्हणाले तर माणूस बिथरणारच.

मराठी वाचकाला हे समजायला कोकणातल्या बेने इस्राएल समाजाकडे पाहावे. कुलाब्याच्या (आजच्या रायगड जिल्ह्याच्या) किनाऱ्यावर शतकानुशतके इतर यहूद्यांपासून दूर राहूनही त्यांनी आठव्या दिवसाची सुंता, खवले आणि पर नसलेला मासा न खाण्याचा नियम, ‘शमा’ ही प्रार्थना आणि शब्बाथ सोडला नाही. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवतात म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणू लागले. बाकी भाषा, पेहराव, आडनावे सारे मराठी. समाज टिकला तो या तीन-चार खुणांवर. यरुशलेममधले परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातले, विश्वासणारे नेमक्या याच खुणांसाठी भांडत होते.

यरुशलेमच्या सभेत काय ठरले?

सभा इ.स. ४८-४९ च्या सुमाराची. यहूदीयातून काही जण अंत्युखियाला आले आणि सुंतेशिवाय तारण नाही असे शिकवू लागले. पौल व बर्णबा यांचा त्यांच्याशी मोठा वाद झाला. मग प्रश्न यरुशलेमातल्या प्रेषितांकडे आणि वडिलांकडे नेला (प्रे. कृ. १५).

पेत्राने कर्नेल्याची आठवण दिली आणि विचारले, जे जू आपल्या पूर्वजांना व आपल्यालाही वाहता आले नाही ते यांच्या मानेवर का ठेवता? पौल व बर्णबा यांनी कुप्र, पिसिदियाची अंत्युखिया, इकुन्या, लुस्त्र, दर्बे इथे घडलेले सांगितले. शेवटी प्रभूचा भाऊ याकोब बोलला. त्याने आमोसाच्या नवव्या अध्यायाचा आधार घेतला आणि निर्णय दिला: सुंता नको, चार गोष्टी टाळा. पत्र लिहिले गेले ते अंत्युखिया, सूरिया आणि किलिकिया इथल्या परराष्ट्रीय भावांना. तोंडी खुलाशासाठी यहूदा बर्सब्बा आणि सीला यांना सोबत धाडले.

सगळ्यांच्या लक्षात राहतो पेत्र, पण निर्णयाचे शब्द याकोबाचे आहेत. तो स्वतः कडक नियम पाळणारा म्हणून ओळखला जाई. त्याच्याच तोंडून निघाल्यामुळे निर्णयाला वजन आले.

त्या चार गोष्टी कोणत्या, आणि चारच का?

मूर्तींना अर्पिलेले पदार्थ, रक्त, गुदमरून मारलेले प्राणी आणि जारकर्म. पहिल्या नजरेला ही यादी विचित्र वाटते. खून नाही, चोरी नाही, खोटी साक्ष नाही. म्हणून कोणी हिला ‘किमान नीतिमत्ता’ समजते आणि गोंधळते.

लेवीय १७ आणि १८ शेजारी ठेवून वाचा. इस्राएलात ‘राहणाऱ्या परक्याला’ जे नियम लागू होते ते तिथे आहेत: यज्ञबळी दुसरीकडे अर्पू नये (१७:८-९), रक्त खाऊ नये (१७:१०-१२), पारध केलेल्या प्राण्याचे रक्त ओतून टाकावे (१७:१३-१४), आणि मग निषिद्ध शरीरसंबंधांची यादी (१८:६-२६). प्रे. कृ. १५:२९ मधल्या पत्रातला क्रम नेमका हाच आहे. याकोबाच्या भाषणात (१५:२०) क्रम थोडा वेगळा आहे, पण लेखी मसुद्यात तो लेवीयाप्रमाणे आला.

अर्थ असा: परराष्ट्रीयाने यहूदी व्हायची गरज नाही, पण यहूदी भावाला त्याच्या शेजारी बसून घास घेता येईल एवढे पथ्य त्याने पाळावे. चारपैकी तीन अटी ताटाशी संबंधित आहेत. सभा तारणाच्या प्रश्नासाठी भरली, पण पत्र लिहिताना पंगत डोळ्यांसमोर होती.

काही जुन्या हस्तलिखितांत, विशेषतः बेझा नावाने ओळखल्या जाणाऱ्या हस्तलिखितात, ‘गुदमरून मारलेले’ हे शब्द नाहीत आणि ‘जे तुम्हाला होऊ नये असे वाटते ते दुसऱ्याला करू नका’ हे वाक्य जोडलेले आहे. पंगतीचा प्रश्न मागे पडल्यावर कोणीतरी यादीला नीतिनियमांचे रूप देऊ पाहिले, हे त्यातून दिसते.

एवढे ठरले, तर पेत्र आणि पौल यांचे अंत्युखियात भांडण का झाले?

पौलाचे गलतीकरांस पत्र, २:११-१४. पेत्र अंत्युखियात परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे. याकोबाकडून काही माणसे आली तेव्हा तो हळूहळू मागे सरला आणि वेगळा बसू लागला. त्याचे पाहून बाकीचे यहूदी उठले, बर्णबासुद्धा गेला. पौलाने सर्वांसमोर पेत्राला तोंडावर विचारले: तू यहूदी असून परराष्ट्रीयांसारखा वागत होतास, मग आता परराष्ट्रीयांना यहूद्यांसारखे वागायला का भाग पाडतोस?

कोणी ‘सुंता करा’ असे म्हटलेले नव्हते, हे लक्षात घ्या. फक्त पंक्तिभेद झाला. पण प्रभुभोजन तेव्हा खऱ्याखुऱ्या जेवणाचा भाग होते. ताट वेगळे झाले म्हणजे मंडळी दोन झाल्या, आणि ‘पहिल्या दर्जाच्या’ मंडळीत यायचे तर परराष्ट्रीयाला सुंता करण्याशिवाय मार्ग उरला नाही. महाराष्ट्रात पंक्तिभेद काय करतो हे वेगळे सांगायला नको. पौलाने धोका ओळखला. पेत्राची अडचण खोटी नव्हती. यरुशलेममधल्या भावांवर राष्ट्रवादी यहूद्यांचा दबाव वाढत होता. तरीही आमच्या मते पौलच बरोबर होता.

पेत्राने काय उत्तर दिले ते पौल लिहीत नाही. पौल तिथे जिंकला असता तर त्याने ते लिहिले असते, असे अनेक अभ्यासकांना वाटते.

सभा आधी की भांडण आधी?

अभ्यासक दोन गटांत आहेत. बहुतेक जण गलती २:१-१० आणि प्रे. कृ. १५ ही एकाच सभेची दोन वर्णने मानतात, म्हणजे भांडण सभेनंतरचे. दुसरा गट गलती २ मधली भेट प्रे. कृ. ११:३० मधल्या दुष्काळी मदतीच्या वेळची धरतो, म्हणजे भांडण आधी आणि सभा त्यावरचा तोडगा. पहिल्या मतात अडचण अशी की पौल चार अटींचा उल्लेखही करत नाही आणि ‘फक्त गरिबांची आठवण ठेवा’ एवढेच सांगितल्याचे म्हणतो. दुसऱ्या मतात अडचण अशी की दोन्हीकडे माणसे तीच, मुद्दा तोच आणि निकालही तोच, आणि पौलाने दिलेली चौदा वर्षे मागच्या तारखांत कोंबावी लागतात.

तारखांसाठी एक पक्की खुंटी आहे. डेल्फी इथे सापडलेल्या क्लौद्य कैसराच्या लेखामुळे गल्लियो करिंथात इ.स. ५१-५२ च्या सुमारास अधिपती होता हे ठरते. प्रे. कृ. १८ मध्ये पौल त्याच्यासमोर उभा आहे आणि त्याने करिंथात दीड वर्ष काढले आहे. सभा त्याआधीची. इतर तारखा इथून मागेपुढे मोजतात.

पौलाने तीमथ्याची सुंता केली आणि तीताची केली नाही. हा दुटप्पीपणा नाही का?

तीत ग्रीक होता. यरुशलेमात त्याच्या सुंतेची मागणी तत्त्व म्हणून झाली, म्हणून पौल अडून बसला (गलती २:३-५). तीमथ्याची आई यहूदी, वडील ग्रीक. त्याला घेऊन सभास्थानांत जायचे होते आणि त्या भागातल्या यहूद्यांना त्याचे घराणे ठाऊक होते (प्रे. कृ. १६:३). अट म्हणून मागितली तर नाही, कामाच्या सोयीसाठी हवी तर हो, असे पौलाचे धोरण आहे.

बाजारातले मांस, देवळातले जेवण: यावर पौलाचा प्रत्यक्ष सल्ला काय?

करिंथकरांस पहिले पत्र, ८ ते १०. नगरातल्या मांसाचा बराच भाग देवळांतल्या बळींतून येई. पौल तीन प्रसंग वेगळे करतो. बाजारातून आणलेले मांस चौकशी न करता खा (१०:२५). कोणाच्या घरी जेवायला बोलावले तर वाढलेले खा. मात्र कोणी मुद्दाम ‘हे बळीचे आहे’ असे सांगितले तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी थांबा (१०:२७-२९). देवळातल्या मेजावर बसणे मात्र नाही (१०:२१). या तीन प्रसंगांची सरमिसळ केली की पौल स्वतःच्या विरुद्ध बोलतो असे वाटू लागते.

मराठी ख्रिस्ती घरांत गणपतीच्या किंवा सत्यनारायणाच्या प्रसादावरून हाच प्रश्न दर वर्षी येतो. कोणी अजिबात घेत नाहीत, कोणी शेजारधर्म म्हणून घेतात. दोन्ही बाजू याच अध्यायांवर बोट ठेवतात. ठरवताना निदान प्रसंग कोणता ते आधी पाहावे: पूजेत सहभाग, की शेजाऱ्याने दारात आणून दिलेली वाटी?

यरुशलेमसाठी वर्गणी हा वेगळा विषय नाही का?

नाही, हाच विषय. गलतिया, मासेदोनिया आणि अखया इथल्या परराष्ट्रीय मंडळ्यांकडून पौलाने यरुशलेममधल्या गरीब यहूदी भावांसाठी पैसे जमवले. पद्धतही त्याने दिली आहे: आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने मिळकतीप्रमाणे घरी बाजूला ठेवावे, म्हणजे तो आल्यावर धावपळ नको, आणि पैसे मंडळीने पारखलेल्या माणसांच्या हाती पोचवावेत (१ करिंथ १६:१-४). कारण रोमकरांस पत्र १५:२७ मध्ये आहे: त्यांच्या आध्यात्मिक ठेव्यात वाटा मिळाला, आता ऐहिकात तुम्ही वाटा द्या.

याच प्रवासात घात झाला. यरुशलेमात याकोबाने सांगितले की हजारो यहूदी विश्वासणारे नियमशास्त्राचे कट्टर अभिमानी आहेत आणि पौलाविषयी त्यांनी भलतेसलते ऐकले आहे. उपाय म्हणून पौलाने नवस केलेल्या चौघांचा खर्च उचलावा आणि मंदिरात जावे. तो गेला. त्याने त्रफीम इफिसकराला कठड्याच्या आत नेले अशी आवई उठली, जमाव धावून आला आणि पौल कैद झाला (प्रे. कृ. २१). त्रफीमाला फक्त शहरात पाहिले होते. वर सांगितलेला शिलालेख या अध्यायाजवळ ठेवून वाचावा.

पुढे यहूदी ख्रिस्ती लोकांचे काय झाले?

पारडे फिरले. इ.स. ७० मध्ये मंदिर पडले. मंडळीचा इतिहासकार एउसेबियस याच्या नोंदीप्रमाणे रोमन सम्राट हद्रियानाच्या काळातल्या युद्धापर्यंत, म्हणजे १३५ पर्यंत, यरुशलेमचे पंधराही बिशप सुंता झालेले होते. त्यानंतर मार्क नावाचा परराष्ट्रीय आला. इ.स. १६० च्या आसपास ख्रिस्ती लेखक जस्टिन लिहितो की नियमशास्त्र पाळणारा यहूदी ख्रिस्ती, जर तो इतरांवर सक्ती करत नसेल, तर तारला जाईल असे त्याला वाटते. पण काही ख्रिस्ती अशांशी बोलायलाही तयार नाहीत. शंभर वर्षांपूर्वी परराष्ट्रीय आत यावा की नाही हा प्रश्न होता. आता यहूद्याने यहूदी राहून आत राहावे का, हा झाला. त्याच शतकात मार्कियोन नावाच्या ख्रिस्ती शिक्षकाने यहूदी शास्त्रच टाकून द्या असे म्हटले, आणि रोमच्या मंडळीने १४४ मध्ये त्याला बाहेर काढले.

पौलाने हे आधीच ओळखले होते. रोम ११ मध्ये तो परराष्ट्रीयांना बजावतो: रानटी जैतुनाची फांदी मूळ झाडावर कलम केली आहे, फुशारकी मारू नका, मूळ तुम्हाला उचलून धरते. हा अध्याय ख्रिस्ती जगाने शतकानुशतके पुरेसा वाचला नाही. यहूद्यांचा जो छळ झाला त्यात या विसराचा मोठा वाटा आहे.

रक्ताची अट आज लागू आहे का?

पहिली काही शतके ती पाळली जात होती. लियोनमध्ये १७७ साली छळ झाला तेव्हा ख्रिस्ती लोक लहान मुलांना खातात असा आरोप होता. त्यावर बिब्लिस नावाच्या स्त्रीने विचारले: जनावराचे रक्तही ज्यांना चालत नाही ते लोक मुलांना कसे खातील? ४०० च्या सुमारास पश्चिमेकडे बिशप ऑगस्टिन म्हणतो की गुदमरून मारलेल्या प्राण्याची आता कोणी फिकीर करत नाही. एका पंगतीत बसवायला यहूदी आणि परराष्ट्रीय असे दोन गटच उरले नव्हते. पूर्वेकडे ६९२ च्या, कॉन्स्टँटिनोपलमधल्या त्रुल्लो दालनात भरलेल्या परिषदेने रक्ताची बंदी पुन्हा लिहून ठेवली. इथियोपियाच्या मंडळीत खाण्याचे बरेच जुने नियम आणि मुलग्यांची सुंताही चालत आली आहे, तारणाची अट म्हणून नव्हे, रीत म्हणून.

ख्रिस्ती होताना आपली भाषा, नाव, अन्न सोडावे लागते का?

प्रे. कृ. १५ चे उत्तर ‘नाही’ असे आहे. करिंथकराने करिंथकरच राहायचे, मूर्तिपूजा आणि जारकर्म सोडून. मराठी मुलुखात हाच प्रश्न उलट्या बाजूने आला: इथे सुंतेच्या जागी इंग्रजी वळण उभे राहिले. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. त्यानंतरही त्यांनी शाकाहार सोडला नाही, आणि क्रूसावर लॅटिनऐवजी संस्कृत शब्द हवेत असे तिथल्या मठातल्या भगिनींना ठणकावले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन उपासनेत आणले. दोघांवरही टीका झाली. त्यांच्या बाजूने यरुशलेमच्या सभेचा निर्णय उभा होता.

गटात हा विषय घ्यायचा तर कसा घ्यावा?

चार बैठका पुरतात, दीड-दीड तासाच्या. पहिल्या बैठकीत लेवीय १७-१८ आणि उत्पत्ती १७. हे टाळले तर पुढचे काहीच नीट उलगडत नाही, आणि बहुतेक गट नेमके हेच टाळतात. दुसऱ्या बैठकीत प्रे. कृ. १० व ११ सलग, मोठ्याने. कर्नेल्याची गोष्ट दोनदा का सांगितली आहे ते विचारा आणि पेत्राच्या दुसऱ्या कथनात काय बदलले ते टिपा. तिसऱ्यात गलती २ आधी आणि प्रे. कृ. १५ नंतर, कारण पत्र जुने आहे आणि प्रत्यक्ष सहभागी माणसाचे आहे. दोन्हींची एकच गोष्ट बनवायची घाई करू नका. फरक फळ्यावर दोन रकान्यांत लिहा. चौथ्यात १ करिंथ ८-१० आणि रोम १४ व ११. या बैठकीत एका सभासदाला सुंतेच्या बाजूने बोलायला सांगा, उत्पत्ती १७ हातात देऊन, आणि त्याला मध्ये तोडू नका.